स्मृती एक नव्हे : मेध्य औषध देण्यापूर्वी

परीक्षांचा हंगाम जवळ आला की चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक मागणी हमखास वाढते : मुलाच्या लक्षात राहत नाही, काहीतरी द्या. अशा वेळी ब्राह्मीची बाटली पुढे करणे सोपे असते. परंतु ‘लक्षात राहत नाही’ म्हणजे नेमके काय बिघडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते चिकित्सेचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावयास हवा.

आधुनिक मानसशास्त्र स्मृतीला एकच कोठार मानीत नाही. अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ साली मांडलेल्या विवेचनानुसार, इंद्रियांकडून आलेली माहिती क्षणभरच टिकते. तिच्यातील जेवढ्या भागाकडे लक्ष जाते तेवढाच अल्पकालीन स्मृतीत येतो आणि उजळणीने त्यातील काही अंश दीर्घकालीन स्मृतीत रुजतो. अल्पकालीन स्मृतीचे पात्र फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली त्याची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चाराच्या आसपास आणली.

हे कप्पे वेगळे आहेत, याचा पुरावा हेन्री मोलेसन या रुग्णाने दिला. अपस्मारासाठी १९५३ साली झालेल्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर ऐकलेले आकडे ते थोडा वेळ धरून ठेवू शकत. पण नव्या घटना त्यांच्या स्मरणात राहत नसत. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कौशल्य, आपण ते पूर्वी केल्याचे आठवत नसताना, त्यांना दिवसेंदिवस साधत गेले.

आपल्या संहितांना हा विचार परका नाही. चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांतील सादृश्य, सत्त्वानुबंध, अभ्यास आणि पुनःश्रुत ही वाचताना, खूण, अवधान व आवर्तन यांवर मानसशास्त्रज्ञ देत असलेला भर आठवतो. दोन्ही परिभाषा ओढूनताणून एक करू नयेत. पण स्मृती केवळ द्रव्याधीन नाही, हे दोहोंकडून स्पष्ट होते.

मग द्रव्याचे स्थान काय? ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ व्यक्तींना तीन महिने ब्राह्मी, म्हणजे बाकोपा, किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवी माहिती टिकून राहण्यावर अनुकूल परिणाम दिसला. शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. परीक्षेला पंधरा दिवस उरलेल्या मुलाला या निष्कर्षाच्या आधारे आश्वासन देता येत नाही. शिवाय बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने बाकोपा व मंडूकपर्णी या दोन्ही वनस्पती विकल्या जातात. एकीवरील अभ्यासाचे श्रेय दुसरीच्या वेष्टनावर छापणे शास्त्राला धरून नाही. औषधालयांच्या मालकांनी वनस्पतीचे शास्त्रीय नाव वेष्टनावर ठळक द्यावे, असा आमचा आग्रह आहे.

वैद्यांनीही तक्रारीचा टप्पा ओळखावा. लक्षच लागत नसेल तर निद्रा, आहार व चिंता यांचा विचार आधी करावा. वाचलेले टिकत नसेल तर अंतराअंतराने उजळणी सांगावी. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली दाखविले की, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात आठवड्यानंतर अधिक मजकूर उरतो. वृद्धाचे विस्मरण वाढते असेल तर मेध्य औषधावर विसंबून पुढील तपासणी लांबवू नये.

हाच नियम आपल्या सूचनांनाही लागू आहे. अनुपान, काल, पथ्य, अपथ्य असे दहा मुद्दे एका दमात सांगितले, तर रुग्णाच्या स्मरणात त्यातील मोजकेच उरतात. तेव्हा मुख्य तीन-चार सूचना सांगून बाकीच्या लिहून द्याव्यात. मेध्य रसायनांची प्रतिष्ठा मोठ्या दाव्यांनी वाढणार नाही. योग्य रुग्णाला योग्य द्रव्य पुरेसा काळ दिल्यानेच ती टिकेल.