विश्लेषण : हॅकिंग शिकवणारा तरुण तुरुंगात कसा पोहोचला?

संगणक यंत्रणेतली त्रुटी शोधणं हे कौशल्य आहे. ते नोकरी मिळवून देणार की तुरुंगवास, हे त्रुटी सापडल्यानंतरच्या निर्णयावर ठरतं. राजकीय भूमिकेतून हॅकिंग करणाऱ्यांना ‘हॅक्टिव्हिस्ट’ म्हणतात. शिकागोचा जेरेमी हॅमंड त्यांपैकीच एक. २०१३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

सुरुवात कशी झाली?

१९८५ साली जन्मलेल्या हॅमंडने २००३ मध्ये ‘हॅक धिस साइट’ हे संकेतस्थळ सुरू केलं. कायद्यात राहून हॅकिंगचा सराव करता यावा, हा त्यामागचा उद्देश होता. पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो संकुलात शिकताना त्याने संगणकशास्त्र विभागाच्या संकेतस्थळातली त्रुटी शोधली, ती विभागाला कळवली आणि दुरुस्त करून देण्याची तयारीही दाखवली. मात्र पुढच्या वर्षासाठी त्याला परत घेतलं गेलं नाही.

गुन्हा नेमका काय?

इराक युद्धाचं समर्थन करणाऱ्या एका गटाचं संकेतस्थळ हॅक करून त्याने हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळवले. एकाही कार्डावरून खर्च केला नाही, तरी २००६ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तो तिथेच थांबला नाही. डिसेंबर २०११ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस’शी संबंधित गटासोबत त्याने ‘स्ट्रॅटफॉर’ या खासगी गुप्तवार्ता कंपनीवर हल्ला केला. सुमारे ६० हजार कार्डांचे तपशील आणि ८ लाख ६० हजार ग्राहकांची माहिती चोरीला गेली. कार्डांवरून सुमारे ७ लाख डॉलरचे अनधिकृत व्यवहार झाले. कंपनीचे लाखो ईमेल ‘विकिलीक्स’कडे गेले.

तो पकडला कसा गेला?

या वर्तुळात ‘साबू’ नावाने वावरणारा हेक्टर मॉन्सेगर जून २०११ पासूनच एफबीआयचा खबऱ्या होता. मार्च २०१२ मध्ये हॅमंडला अटक झाली. साबूनेच आपल्याला लक्ष्यं पुरवली, असं त्याने न्यायालयात सांगितलं. मदतीच्या मोबदल्यात साबू सात महिन्यांच्या कोठडीवर सुटला. हॅमंड २०२० च्या अखेरीस बाहेर आला.

मग चूक कोणाची?

स्ट्रॅटफॉरने ग्राहकांच्या कार्डांची माहिती एन्क्रिप्ट न करता ठेवली होती, हा कंपनीचा मोठा निष्काळजीपणा होता. ईमेल उघड करणं जनहिताचं होतं, असा युक्तिवादही करता येईल. पण ज्यांची कार्डं वापरली गेली, ते केवळ ग्राहक होते. त्यांच्या पैशांतून धर्मादाय संस्थांना देणग्या दिल्याने चोरीचं पुण्य होत नाही. सत्तेविरुद्धच्या लढाईचा भुर्दंड सामान्यांवर पडला की त्या लढाईचा नैतिक आधारच जातो.

भारतात कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार विनापरवानगी शिरकाव केल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक असल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त बघत होतो’ हे परवानगीला पर्याय ठरत नाही. सापडलेली त्रुटी ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवता येते.

पुढे काय?

२०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘हॅक द पेंटॅगॉन’ उपक्रमातून हॅकर्सना स्वतःच बोलावलं आणि त्रुटी दाखवणाऱ्यांना बक्षिसं दिली. त्या वेळी हॅमंड तुरुंगात होता. दोन्हीकडचं कौशल्य एकच, फरक परवानगीचा. विद्यार्थ्यांनी ती आधी घ्यावी. पण त्रुटी घेऊन येणाऱ्या मुलाने कोणाला भेटायचं, हे किती महाविद्यालयांनी ठरवलं आहे? आपल्याकडच्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने याचं उत्तर सूचनाफलकावर लावायला हवं. कुतूहलाला दार दाखवलं नाही, तर ते खिडकी शोधतं.