सायकल : दाखवायची की चालवायची?

सायकल घेताना आपण आपल्या पायांचा विचार करीत नाही, लोकांच्या डोळ्यांचा करतो, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

मी मिरजेहून सांगलीला येतो. सकाळी कॉलेज, दुपारी हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिण्याचे काम. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. पहिल्या काही पगारांतून मी २१ गिअरची सायकल घेतली. जाडजूड टायर, पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, झगझगीत रंग! घरी वडिलांची काळी सायकल होती. तिच्यावरून त्यांनी उभी नोकरी केली, मला शाळेत सोडले. पण तिच्यावर बसून कॉलेजात जायचे म्हणजे लोक दूधवाला म्हणतील, ही धास्ती.

पावसाळा लागला आणि नव्या सायकलीचे गुण दिसू लागले. मडगार्ड नसल्याने पेढीवर पोचेपर्यंत सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची सरळ रेघ उठे. चेनकव्हर नाही म्हणून पँटला वंगण, कॅरिअर नाही म्हणून पुस्तकांचे ओझे पाठीवर. २१ गिअरांपैकी मी वापरले दोन. या सपाट रस्त्याला बाकीचे १९ हवेत कशाला? जाड टायर मातीच्या वाटेला ठीक, डांबरी रस्त्यावर ते पायांना जड जातात. शॉकअ‍ॅब्सॉर्बरही पेडल मारताना खालीवर होऊन आपलीच थोडी शक्ती खातो.

शेवटी एके दिवशी, "उद्या तुमची सायकल नेऊ का?" असे वडिलांना विचारले. ते काहीच बोलले नाहीत. सकाळी पाहतो तो चेनला तेल घातलेले आणि चाकांत हवा भरलेली!

तिचे सगळेच चांगले असे मी म्हणणार नाही. ती वजनाला भारी आहे. लोखंडी रिम भिजली की तिचे सळईचे ब्रेक नीट लागत नाहीत. त्या बाबतीत नव्या सायकली निःसंशय सरस. ज्याच्या वाटेत चढ आहे त्याने गिअर जरूर घ्यावेत. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आडव्या दांडीशिवायची सायकल पाहावी. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर टेकवली की पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची असावी. मात्र मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि दिवा या पाच गोष्टी नसतील तर ती सायकल कामावर जाणाऱ्याची नव्हे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरविला. त्या दिवशी गावोगाव फेऱ्या निघतात, छायाचित्रे छापून येतात. दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा मोटारसायकलवर! सायकलीचा खरा मान राखला आहे तो रोज पहाटे डबा अडकवून कामावर निघणाऱ्या माणसाने. त्याच्यासारखे दिसण्याची लाज वाटत होती, ती माझी चूक होती. मित्रांनो, सायकल घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या आरशासमोर उभे राहू नका. आपला रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा.