200 च्या खालच्यांचं काय?

औषधांच्या चाचण्या आखणाऱ्या आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या मंडळींनो,

एमपॉक्सचे फोड टेकोविरिमॅट या औषधाने लवकर भरत नाहीत, हे तुम्ही डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलंत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँगोतल्या चाचणीनेही तेच सांगितलं होतं. ऐकून घेतलं. पण हे उत्तर कुणासाठी होतं?

एचआयव्हीसह जगणाऱ्या आमच्यातल्या ज्यांचा हा आजार जीव घेतो, त्यांच्यासाठी नव्हतं. 'लॅन्सेट'मधला 2023 चा अभ्यास तुम्ही वाचलाय. एमपॉक्स झालेले, एचआयव्हीसह जगणारे, सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, 350 च्या खाली गेलेले 382 जण. 27 दगावले. त्या सगळ्यांचा सीडी-फोर 200 च्याही खाली होता. इतकं स्पष्ट दिसत असताना त्यांनाच बाजूला का बसवलंत?

हो, बाजूलाच. डिसेंबरमधलं उत्तर देणाऱ्या 'स्टॉम्प' चाचणीत प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्यांचा गट वेगळा काढलात. सगळ्यांना खरी गोळी, तुलनेला कुणीच नाही. त्यांच्या हातावर नकली गोळी ठेवली नाहीत, ते योग्यच केलंत. पण म्हणून तुलनाच नको? चौदा दिवसांऐवजी महिनाभर औषध देऊन पाहता आलं असतं. जोडीला ब्रिन्सिडोफोविर हे दुसरं औषध देऊन पाहता आलं असतं. महिनोन्‌महिने विषाणू अंगात राहिला की तो औषधाला दाद देईनासा होतो, हेही अशाच रुग्णांत दिसलं होतं ना?

आणि आता? अशा रुग्णाला ही गोळी द्यायची मुभा अमेरिकेत ठेवली आहेच. म्हणजे खात्री तुमचीही नाही. आमचे डॉक्टर मात्र अंदाजाने औषध लिहितात आणि आम्ही ते विश्वासाने गिळतो.

देवी जगातून गेल्याचं 1980 मध्येच जाहीर झालं. तरी तिच्यासाठी 2018 मध्ये, माकडांवरच्या आणि सशांवरच्या प्रयोगांच्या आधारे, हेच टेकोविरिमॅट अमेरिकेत मंजूर झालं. साठेही केले गेले. काँगोतल्या माणसांत एमपॉक्स 1970 पासून होता. त्यांची आठवण 2022 मध्ये, साथ तुमच्या शहरांत आल्यावर झाली.

1994 मध्ये पॅरिसला 42 देशांनी सही करून कबूल केलं होतं, की एचआयव्हीच्या कामात एचआयव्हीसह जगणाऱ्यांना सामील करून घेऊ. त्या सहीवर आम्ही विसंबलो. चुकलं का आमचं?

पुढच्या चाचणीचा आराखडा लिहाल तेव्हा आमच्यातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. 200 च्या खालच्यांना मुख्य गटात घ्या. आणि फोड किती दिवसांत भरले हे नंतर विचारा; आधी विचारा, माणूस वाचला का?