धान्याच्या डब्यापर्यंत उंदीर पोहोचूच नये म्हणून

वर्षाचे गहू भरून झाले, तांदळाची गोणी आली, पापड-कुरडया डब्यांत गेल्या. आता पावसाळ्याची काळजी नाही, असं म्हणत तुम्ही निश्चिंत होता. आणि मग एके सकाळी रव्याच्या पिशवीच्या कोपऱ्याला भोक पडलेलं दिसतं. खाली रवा सांडलेला असतो आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या.

तुम्ही नाशिकच्या वाड्यात राहा, इंदूर-बडोद्याच्या बंगल्यात राहा किंवा बेंगळुरूच्या उंच इमारतीत, हा अनुभव बहुतेक घरांना कधी ना कधी येतोच. अशा वेळी आपण पहिलं काम काय करतो? जवळच्या दुकानातून उंदीर मारायचं औषध आणतो आणि रात्री ते स्वयंपाकघरातच ठेवून देतो. पण जिथे आपलं अन्न आहे तिथे विष ठेवणं हा शेवटचा उपाय म्हणूनही चांगला नाही. त्याआधी करण्यासारखं बरंच काही आहे आणि ते नीट केलं तर विषाची गरजच पडत नाही.

खातो थोडं, नासवतो जास्त

घरात दिसणारा लहान उंदीर दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम खातो. म्हणजे चमचाभर तांदूळही नाही. वर्षभराचा हिशेब केला तरी तो एक किलोच्या आसपास जातो. मग एवढं नुकसान होतं कसं?

कारण तो एका जागी बसून जेवत नाही. थोडं इथे कुरतडतो, थोडं तिथे. फिरताना जागोजागी लघवीचे थेंब सोडतो आणि एका दिवसात पन्नासहून जास्त लेंड्या टाकतो. म्हणजे त्याने चार दाणे खाल्ले तरी उघड्या पिंपातले वीस किलो गहू वापरण्याजोगे राहत नाहीत. उंदीर-घुशींमुळे साल्मोनेलासारखे पोटाचे जंतू अन्नात येऊ शकतात. लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही त्यांच्या लघवीतून पसरतात. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणसं असतील तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

शिवाय 'एकच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका. मादी साधारण वीस दिवसांत पिल्लं देते, एका वेळी पाच-सहा. ती पिल्लंही दीड-दोन महिन्यांत वयात येतात. जूनमध्ये एक जोडी घरात आली तर गणपतीपर्यंत किती होतील, याचा विचार करा.

आधी त्याचं जेवण बंद करा

खायला मिळत नसेल तर उंदीर त्या घरात टिकत नाही. म्हणून सुरुवात डब्यांपासून करा.

- धान्यासाठी पत्र्याची कोठी किंवा स्टीलचं घट्ट झाकणाचं पिंप सगळ्यात उत्तम. झाकण चेपलेलं, सैल झालेलं असेल तर ते बदला. डब्याची मजबुती झाकणावरच ठरते.
- रवा, मैदा, पोहे, साखर, शेंगदाणे, सुका मेवा हे काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी रबरबँड लावून तशीच ठेवली, तर उंदराला ती फाडायला मिनिटभरही लागत नाही.
- जाड प्लॅस्टिकचे डबे चालतात, पण त्यांच्या कडांवर लक्ष ठेवा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो सतत काहीतरी कुरतडत असतो. एकदा कडेला दात लागले की तिथेच भोक पडतं.
- गोणी थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडी पाट किंवा लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून झाडू फिरेल एवढ्या अंतरावर ठेवा. उंदराला भिंतीच्या कडेने, आडोशाने फिरायला आवडतं. मोकळी जागा तो टाळतो.
- कुत्र्या-मांजरांचं खाणं, पक्ष्यांसाठी आणलेले दाणे, देवघरातला प्रसाद आणि साखरफुटाणे हेही अन्नच आहे. आपण सगळं झाकतो आणि नेमकं हेच विसरतो.
- रात्री ओल्या कचऱ्याच्या बादलीला झाकण लावा. मिक्सरच्या मागे आणि गॅसच्या शेगडीखाली सांडलेले कण पुसून घ्या.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. एवढा साठा खरंच लागतो का? महिन्याला दहा किलो गहू लागणाऱ्या घरात एक क्विंटल म्हणजे दहा महिन्यांचा साठा झाला. गावाकडे शेतातलं धान्य येतं, जागा असते, तिथे हे ठीक आहे. पण शहरातल्या दोन खोल्यांत, पलंगाखाली पोती ठेवून ते सांभाळणं अवघड जातं. अशा वेळी दोन-तीन महिन्यांचंच धान्य भरा आणि जुनं संपल्याशिवाय नवं उघडू नका.

कडुलिंबाचा पाला किंवा बोरिक पावडर लावली की धान्य सुरक्षित, असंही समजू नका. हे उपाय किडीसाठी आहेत. उंदराला त्यांनी काही फरक पडत नाही.

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं

अरुणाचल प्रदेशातल्या गालो आणि आदी गावांत धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उंच बांधतात. प्रत्येक खांबाच्या वरच्या टोकाला एक गोल लाकडी चकती बसवलेली असते. उंदीर खांबावर चढला तरी त्याला ती चकती ओलांडून वर जाता येत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी 'पुसा कोठी' तयार केली. तिच्या मातीच्या दुहेरी भिंतीत प्लॅस्टिकचा कागद असतो, म्हणजे ओल आत येत नाही. खालचा भाग भाजलेल्या विटांचा करतात, म्हणजे उंदराला पोखरता येत नाही.

दोन्ही ठिकाणी उंदराला मारण्याचा विचारच नाही. त्याला धान्यापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, एवढंच पाहिलं आहे. आपल्या फ्लॅटमध्येही हेच करायचं आहे.

तो येतो कुठून?

जिथून पेन्सिल आत जाते तिथून लहान उंदीर आत येऊ शकतो. सहा मिलिमीटरची फटही त्याला पुरते. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी हातात टॉर्च घ्या, मुलांनाही सोबत घ्या आणि घरभर फिरा.

या जागा नक्की बघा: सिंकखालच्या पाइपभोवतीचं भोक, एसीचा पाइप भिंतीतून जातो ती जागा, दाराखालची फट, एक्झॉस्ट फॅन, न्हाणीघराची मोरी, माळ्याचे कोपरे आणि फ्रीजची मागची बाजू.

एखादं भोक वापरात आहे की जुनंच आहे, हे कसं ओळखाल? त्यात रात्री वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. सकाळी तो बाहेर पडलेला किंवा कुरतडलेला दिसला की समजा, येण्या-जाण्याचा रस्ता हाच. संशय असलेल्या भिंतीकडेला रांगोळीचा पातळ थर पसरला तरी सकाळी पावलांचे ठसे दिसतात. फक्त घरात रांगतं बाळ असेल तर रांगोळी वापरू नका.

भोक बुजवताना नुसता कापूस, कागद किंवा फोम भरू नका, उंदीर ते सहज पोखरतो. भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा बोळा आत घट्ट बसवा आणि वरून सिमेंट लावा. दाराखाली पत्र्याची पट्टी किंवा दाट ब्रश लावून घ्या. खिडकी आणि एक्झॉस्टला नायलॉनची नाही, धातूची बारीक जाळी बसवा. मोरीला जड जाळी ठेवा.

एक सूचना लक्षात ठेवा. पाइपचा गॅस असेल तर त्या पाइपशी स्वतः खटपट करू नका आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेली जागा बुजवू नका. सिलिंडर असेल तर त्याची नळी मात्र जरूर तपासा. उंदीर तीही कुरतडतो. नळीवर दातांच्या खुणा दिसल्या तर रेग्युलेटर बंद करा आणि नळी बदलल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

पकडायचा कसा?

जो आधीच आत आला आहे त्याच्यासाठी पिंजरा किंवा सापळा लागेल. हल्ली मिळणाऱ्या गोंदाच्या पॅडवर उंदीर तासन् तास तडफडतो, घाबरून आणखी घाण करतो आणि मुलांनाही ते बघवत नाही. ते टाळलेलंच बरं.

सापळा खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. तो भिंतीला लागून, लेंड्या दिसलेल्या जागी ठेवा. एकाऐवजी दोन-तीन ठेवा, कारण लहान उंदीर आपल्या बिळापासून फार लांब जात नाही. आमिष म्हणून भजी, शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा किंवा तूप लावलेली पोळी चालते. मोठा तुकडा ठेवला तर तो उचलून पळतो, म्हणून थोडंसंच लावा.

गणपतीचं वाहन म्हणून अनेक घरांत उंदीर मारत नाहीत. अशा घरांसाठी पिंजराच योग्य. पण पकडलेला उंदीर बाल्कनीतून खाली किंवा शेजारच्या सोसायटीत सोडू नका, तो परत येईल किंवा दुसऱ्याच्या धान्यात जाईल. वस्तीपासून दूर सोडा, पिंजऱ्याला हातमोजे घालूनच हात लावा आणि नंतर तो गरम पाणी-साबणाने धुवा.

मांजर पाळावं का? मांजराच्या वासाने काही उंदीर लांब राहतात, पण प्रत्येक मांजर शिकार करतंच असं नाही. मांजर हवं असेल तर माया म्हणून पाळा, उंदरावरचा उपाय म्हणून नाही. लवंग आणि पुदिन्याचं तेल यांचा वास दोन दिवसांत उडून जातो. डांबराच्या गोळ्या तर धान्याजवळ अजिबात ठेवू नका. त्या विषारी असतात आणि मुलांना गोळी-चॉकलेटसारख्या दिसतात.

विषाबद्दल थोडं गंभीरपणे

उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ट्यूब दिसायला टूथपेस्टसारखी असते आणि चुकून तिने दात घासल्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत. हे विष पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बराही वाटू शकतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. त्यावर खास असा उतारा नाही.

त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जाऊ शकतो. या गोळ्या प्रशिक्षित लोकांनीच वापरायच्या असतात. 'सगळेच ठेवतात' म्हणून कुणी दिल्या तरी राहत्या घरात आणू नका.

कुणाच्या पोटात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

साफसफाई करताना

लेंड्या दिसल्या की आपला हात आधी झाडूकडे जातो. पण कोरड्या झाडण्याने धूळ उडते आणि जंतू नाकातोंडात जातात. आधी खिडक्या उघडा, हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण त्यावर शिंपडा, पाच मिनिटं थांबा आणि मग कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.

पीठ, रवा, पोहे यांत लेंडी सापडली किंवा पाकीट कुरतडलेलं असेल तर ते टाकून द्या. धान्य नासताना जीव तुटतो, हे खरं आहे. 'चाळून घेऊ, ऊन दाखवू' असं घरातली मोठी माणसं म्हणतीलही. पण लघवी चाळणीत अडकत नाही. चारशे रुपयांच्या गव्हासाठी घरातल्या कुणाचं तरी आजारपण ओढवून घेणं परवडणारं नाही.

आज रात्री एवढंच करा

सगळं एका दिवसात होणार नाही. आज झोपण्यापूर्वी पिशवीतला रवा आणि शेंगदाणे डब्यात भरा, कचऱ्याला झाकण लावा, ओटा कोरडा करा आणि सिंकखाली टॉर्च मारून बघा. रविवारी भोकं बुजवा, सापळा लावा. पुढे महिन्यातून एकदा सगळे डबे पुढे ओढून मागची भिंत पाहायची सवय लावा. उन्हाळाभर राबून भरलेलं धान्य मग वर्षभर तुमच्याच ताटात येईल.