भाकरीबरोबर जवळ्याची चटणी

शेतावर राबणाऱ्या मजुराच्या फडक्यात बहुधा भाकरी, ठेचा आणि कांदा एवढेच असते. त्याने भूक भागते; परंतु शरीराची झीज भरून काढणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत. मासे खाणाऱ्या कुटुंबांपुरता या उणिवेवरील एक सोपा उपाय कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो म्हणजे सुक्या जवळ्याची तिखट चटणी होय.

जवळा ही डोलीच्या जाळ्यात सापडणारी अगदी बारीक कोळंबी. वाळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. वीस ग्रॅम सुक्या जवळ्यातून दहा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्यांसाठी सुमारे पन्नास ग्रॅम तूरडाळ शिजवावी लागेल. शिवाय तो सालासकट खाल्ला जात असल्याने हाडांना लागणारे कॅल्शियमही लाभते. जवळा निवडून, चाळून मंद आचेवर कोरडाच कुरकुरीत भाजावा व भाजलेले सुके खोबरे, लसूण, सुकी मिरची आणि बेताचे मीठ यांच्याबरोबर कुटावा. पाण्याचा थेंब लागला नाही तर चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत काही दिवस सहज टिकते. ज्यांना कोळंबी सोसत नाही, त्यांनी मात्र ती वर्ज्यच समजावी. वासाची तक्रार करणाऱ्यांनी ती बहुधा चाखलेलीच नसते.

खरी अडचण निराळीच आहे. बोंबील दोरीवर टांगून वाळवितात. जवळा मात्र पुष्कळ ठिकाणी उघड्या वाळूवर पसरला जातो. त्यात रेती मिसळते, पक्ष्यांची घाण पडते, रात्रीचे दव मुरते. असा माल कोंबड्यांच्या खाद्यासाठी पडत्या भावाने जातो. माणसाच्या ताटातले उत्तम अन्न असे वाया जावे आणि ते वाळविणाऱ्या कोळणीच्या पदरी चार पैसे कमी पडावेत, हे मुळीच योग्य नव्हे. बांबूच्या मचाणावर बारीक जाळे ताणून, जमिनीपासून दोन-तीन हात उंचीवर जवळा पातळ पसरला, तर त्याला खालूनही वारा लागतो आणि तो स्वच्छ राहून लवकर वाळतो. खर्च म्हणावा तर बांबूंचा. जाळे जुनेही चालते.

परंतु चोखंदळ गिऱ्हाईक नसेल, तर हे मचाण कोण बांधील? तेव्हा घाटावरील ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या आठवडी बाजारात गृहिणींना एवढे अवश्य दाखवावे: मूठभर जवळा पांढऱ्या फडक्यावर झटकावा. रेती पडली तर तो घेऊ नये. स्वच्छ, कोरडा माल मिळाल्यास त्याला दोन पैसे अधिक द्यावेत.