देव सोडले, दप्तर सोडू नका



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला आपले घर जुन्या खुणांपासून मुक्त करावेसे वाटते, हे अगदी स्वाभाविक आहे. ज्या देवांनी आपल्याला माणूस म्हणून कधी जवळ केले नाही, ते देव्हाऱ्यातून उतरवून तुम्ही नदीच्या स्वाधीन केले. ते योग्यच झाले. परंतु अनेक घरांत त्याच ओघात माळ्यावरची पत्र्याची पेटीही रिकामी होते. वतनाच्या जमिनीचे कागद, आजोबांचा शाळेचा दाखला, मुंबईच्या गिरणीतून चुलत्यांनी पाठविलेली पत्रे, परिषदेच्या वर्गणीची पावती, हे सारे चुलीत जाते किंवा रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. 'त्या कागदांवर जातीचे जुने नाव लिहिले आहे. ते मुलांच्या नजरेस कशाला पडावे?' असे कारण सांगितले जाते. या विचाराला आमचा स्पष्ट विरोध आहे. देव सोडा, पण दप्तर सोडू नका.

कागदाचे सामर्थ्य किती असते, हे आपल्या चळवळीने महाडला अनुभवले आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. या तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी त्याचा अंतिम निकाल लागला. अनादि म्हणून सांगितलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. ज्या रूढीपुढे पिढ्यान्‌पिढ्या माना तुकल्या, तिला न्यायालयाने पुरावा मागितला आणि ती तेथे टिकली नाही.

आता याच प्रकरणाची दुसरी बाजू पाहा. न्यायालयाच्या कागदांत वादी-प्रतिवादींची नावे आहेत. पण उन्हातान्हात तळ्यापर्यंत चालत गेलेल्या हजारोंची नावे त्यांत कोठे आहेत? कोणत्या गावचा माणूस किती मैल पायी आला, त्याने वाटखर्चाची तजवीज कशी केली, परतल्यावर गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला काय, याची नोंद कोणी ठेवली? ती असलीच तर एखाद्या घरातील पत्रात असेल, किंवा एखाद्या वृद्धेने नातवंडांना सांगितलेल्या आठवणीत असेल. ते पत्र जळाले आणि ती वृद्धा निघून गेली, म्हणजे त्या माणसाचा त्याग जणू घडलाच नाही!

मुंबईचे सरकारी दप्तरखाने १८२१ सालापासूनचे आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथेही राज्याची पुराभिलेखागारे आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आजही जपले जातात. पण हे दप्तर मुख्यतः राज्यकर्त्यांनी आपल्या कामासाठी लिहिले. त्यांत आपले पूर्वज आढळतात ते वेठीला धरलेले, बलुत्याचा वाद घेऊन आलेले, किंवा दंड झालेले. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तो हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणून आज तो दाखविता येतो. परंतु अशा हुकमाने नोकरीत शिरलेल्या माणसाला कचेरीत पाण्याचा पेला कोणी दिला की नाही, हे गॅझेट सांगत नाही. ते त्याने घरी लिहिलेल्या पत्रातच सापडायचे.

आपल्यातही जाणती माणसे झाली. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद आणि आठवणी जमा केल्या व त्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध केला. नागपूरच्या दीक्षा समारंभासाठी झटलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या. त्या नागपूरजवळ चिचोली येथे आज पाहावयास मिळतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. हे काम झाले नसते, तर आपल्या माताभगिनींचा वाटा केवळ 'स्त्रियाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या' एवढ्या एका वाक्यात संपला असता.

याउलट हानीचे उदाहरणही आपल्याच घरचे आहे. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते महाराष्ट्र शासनाने १९८७ साली ग्रंथरूपाने काढली, तेव्हा त्यांतील काही प्रकरणे अपुरी होती आणि काही मिळालीच नाहीत. प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या कागदांची ही स्थिती, तर तुमच्याआमच्या पेट्यांची काय कथा!

कोणी म्हणेल, हा इतिहासाचा सोस शिकलेल्यांना शोभतो. आम्हांला आजची भाकरी महत्त्वाची. त्यांना आमचे सांगणे असे की, हे कागद भाकरीचेही आहेत. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या कायद्याने मिळाल्या त्या १९९० साली. त्या घेण्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि महाराष्ट्रात त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील ज्या नावाची तुम्हांला लाज वाटते, त्याच नावावर नातीचा महाविद्यालयातील प्रवेश अडतो किंवा होतो. वतनाच्या जमिनीचेही तेच. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण जमीन कोणाची होती आणि कोणाकडे गेली, हा वाद आला की जुना कागदच बोलतो.

राहिला प्रश्न लाजेचा. लाज कोणाला वाटावी? ज्याला हीन नावाने हाक मारली त्याला, की ज्याने मारली त्याला? तो कागद आपल्या हीनपणाचा पुरावा नसून दुसऱ्याच्या अन्यायाचा पुरावा आहे. तो जाळून आपण अन्याय करणाराचेच काम हलके करतो. शिवाय बुद्धाच्या शिकवणीत यथाभूत दर्शनाला, म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहण्याला, मोठे स्थान आहे. भूतकाळही तसाच पाहिला पाहिजे.

म्हणून आमची विनंती अशी आहे. येत्या रविवारी पेटी उघडा. कागदांच्या लोखंडी टाचण्या काढा, कारण त्या गंजतात. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्यावर प्लास्टिकचा थर चढवू नका. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक कागद कोणाचा व कोठला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. छायाचित्रातील माणसे ओळखणारे कोणी हयात असेल, तर आजच नावे विचारून घ्या. आजीच्या आठवणी तिच्याच बोलीत उतरवा. त्यांतील शब्द 'शुद्ध' करू नका, आणि न आवडणारा भागही गाळू नका.

त्यानंतर ज्या कागदांत केवळ तुमचे घर नव्हे, तर वस्ती आणि चळवळ आहे, ते आपल्या विभागाच्या पुराभिलेखागाराकडे किंवा विश्वासू संशोधन संस्थेकडे देण्याचा विचार करा. सरकारी कागद जपण्यासाठी १९९३ चा केंद्राचा कायदा आहे; घरच्या कागदाला तसे कवच नाही, त्याचा वाली घरचाच माणूस. पण देताना डोळे उघडे ठेवा. आधी प्रत काढून घ्या. तारखेसह यादीची पावती घ्या. हे दप्तर 'संकीर्ण' म्हणून कोपऱ्यात पडू नये, तर कुटुंबाच्या व गावाच्या नावाने सूचीत नोंदले जावे, अशी लेखी अट घाला. आपल्या पैशावर चालणाऱ्या दप्तरखान्यात आपल्या माणसांना नावानिशी जागा मिळणे हाही हक्कच आहे.

तळ्याचे पाणी आपण मागून घेतले नाही, चालत जाऊन घेतले. इतिहासातील जागाही तशीच घ्यावी लागेल, आणि ती घेण्यासाठी लागणारा पुरावा तुमच्याच माळ्यावर आहे.

जय भीम!