बाळाच्या दुधाला वाटी-चमचा पुरे

आपल्या महाड-पोलादपूरकडे बारशाला झबली-टोपरी येतात, पाळण्यावर टांगायचं खेळणं येतं आणि हमखास एक चकचकीत खोकं येतं. त्यात दुधाची बाटली, चोखणी, चावायचं रबरी खेळणं. मुंबईच्या आत्याने, मावशीने मोठ्या हौसेने आणलेलं असतं. आया-आज्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हौसेचा मान ठेवा, पण त्यातली बाटली बाळाच्या तोंडाला लावू नका.

ही बाटली सरकारलाही इतकी धोक्याची वाटते की तिच्यासाठी १९९२ साली वेगळा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला त्यात बंदी आहे. पहिलं कारण जुलाबाचं. बाटलीच्या बुचात, चोखणीच्या खाचेत दूध साचतं आणि जंतू वाढतात. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. तशा दिवसांत बाटली उकळायला स्वच्छ पाणी आणि चूल कुठून आणायची? वाटी-चमचा निदान घासून लख्ख करता येतो.

दुसरं कारण प्लास्टिकचं. पूर्वी टणक, काचेसारख्या पारदर्शक बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या असत. ते बनवायला बिस्फेनॉल-ए (बीपीए) नावाचं रसायन लागतं. त्याचा काही अंश बाटलीतून सुटतो आणि गरम दुधाने, पुन्हा पुन्हा उकळण्याने, घासणीच्या ओरखड्यांनी जास्त सुटतो. शरीरात गेल्यावर ते इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं वागतं, आणि बाळाचे अवयव तर संप्रेरकांच्याच सांगण्यावरून घडत असतात. युरोपने २०११ मध्ये बाळाच्या बाटल्यांत ते बंद केलं, आपल्या भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात. तेव्हा थोरल्याची जुनी बाटली धाकट्याला देऊ नका. ‘बीपीए फ्री’ एवढ्या छापावरही विसंबू नका, कारण त्याच्या जागी कधी कधी बिस्फेनॉल-एस हे त्याचंच भावंड वापरलेलं असतं.

पहिले सहा महिने अंगावरचं दूध, बाकी काही नको. ते पुरत नसेल तर आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आधी दाखवा, बऱ्याचदा बाळ नीट धरण्यात चूक असते. वरचं दूध द्यावंच लागलं तर स्टीलची वाटी आणि चमचा. आपल्या आज्या बोंडल्याने पाजत, ते स्टीलचं आजही मिळतं.

बाटलीशिवाय चालतच नसेल तर काचेची घ्या. प्लास्टिकचीच असेल तर आयएसआय छापाची, आणि तीत कढत काही ओतू नका. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाण्याने दूध कालवलं की एका लिटरमागे प्लास्टिकचे लाखो सूक्ष्म कण दुधात उतरतात. त्या कणांनी नेमकं काय होतं यावर अजून अभ्यास चालू आहे. पण टाळणं आपल्या हातात आहे. पावडरीचं दूध स्टीलच्या भांड्यात गरम पाण्याने कालवा, कोमट होऊ द्या, मग बाटलीत भरा. बाटली मात्र उकळायचीच, कणांच्या भीतीने ते सोडू नका, जुलाबाचा धोका त्याहून मोठा आहे. उकळल्यावर, उकळून गार केलेल्या पाण्याने ती निदान तीनदा विसळा.

बाळ जेवायला लागलं की हाच नियम ताटाला. वाफाळती पेज, नाचणीची खीर, मऊ भात प्लास्टिकच्या रंगीत वाडग्यात वाढू नका. मेलामाइनच्या ताटल्यांत तर गरम आणि आंबट असं दोन्ही नको. आपलं कोकमाचं सार नेमकं तसंच असतं. स्टील घ्या, पडलं तरी फुटत नाही.

आता खेळणी. छबिन्याच्या जत्रेत मऊ, वासाची बाहुली दहा-वीस रुपयांत मिळते आणि बाळ ती आधी तोंडात घालतं. पीव्हीसी मऊ करायला त्यात थॅलेट नावाची द्रव्यं मिसळतात. ती प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात, लाळेबरोबर सुटतात. हीसुद्धा संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय छाप सक्तीचा आहे. त्याआधी, २०१९ मध्ये, भारतीय गुणवत्ता परिषदेने तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश नापास झाली होती. छापाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घातला की खरा-खोटा कळतो. उग्र वासाचं, चिकट लागणारं खेळणं घरातच आणू नका. दात येताना चावायला स्वच्छ धुतलेलं, ओलं करून गार केलेलं सुती फडकं द्या.

आणखी एक गोष्ट, जी खोक्यात येत नाही. पोलादपूरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात पाणी साठवायला निळी पिंपं लागतात. कारखान्यातून निघालेलं पिंप स्वस्त पडतं. आपल्याकडे रसायनांची एमआयडीसी आहे, तेव्हा त्या पिंपात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्लास्टिकमध्ये रसायन मुरतं, साबणाने कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाही. त्या पाण्याने बाळाला न्हाऊ घालू नका, पिण्याचं तर नाहीच नाही. पिंप घ्यायचं तर पाण्यासाठीच बनवलेलं, कोरं घ्या. पैसे कमी पडत असतील तर मुंबईच्या आत्याला सांगा, बारशाच्या खोक्याऐवजी तेच दे म्हणावं.